चंद्रावर वाडा कुठं बसवायचा

ठके,

तू गेल्यानंतर सहाव्या दिवशी तुझ्या प्रयोगशाळेतल्या एका बाईचा मला ईमेल आला. दोन ओळी दुःखाच्या आणि मग सरळ मुद्दा. तुझ्या अर्धवट राहिलेल्या शोधनिबंधात सातवं प्रकरण कोरं आहे, आणि त्या कोऱ्या पानावर तू पेनानं एकच शब्द लिहून ठेवलायस, आपल्या लिपीत. तिनं त्या पानाचा फोटो जोडला होता आणि विचारलं होतं, हा एखादा तांत्रिक शब्द आहे का? तुझ्या पत्त्यांमध्ये बीडची मी एकटीच सापडले म्हणून मला त्रास देतेय, असंही लिहिलं होतं.

शब्द होता, ‘उजा’.

मी ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं फिजिक्स शिकवतेय, तांत्रिक शब्दांना मी घाबरत नाही. पण उज्ज्वलाचं उजा करणारी जगात दोनच माणसं, तू आणि तुझे वडील. याचा अर्थ त्या बाईला काय कळवायचा? मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला बसले. घरात भांड्यांना बाई आहे, तरी.

आता तू ऐकायला नाहीस म्हणून सांगते. मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. माणूस गेलं की हेवाही जात असेल असं मला वाटत होतं, पण तसं काही होत नाही. उलट आता सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात आणि ते मान हलवून ऐकून घ्यावं लागतं. परवापर्यंत ‘चंद्रावर कारखाना काढायलीय म्हणं’ असं म्हणून दात काढणारी माणसं आता तुझा फोटो स्टेटसला ठेवतात आणि खाली ‘बीडची शान’ लिहितात. आमच्या यांनी तर चौकात तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय. त्यात यांचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे, हे बघून तू पोट धरून हसली असतीस.

हे सुरू कुठून झालं? नांदूरघाटच्या आमच्या रानातून. तुमचा वाडा दरवर्षी तिथं बसायचा. वाडा म्हणजे तुमची मेंढरं, दोन घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्यांवर लादलेलं सगळं बिऱ्हाड. दिवस मावळताना रानात जाळी ठोकायची, मेंढरं आत घालायची, लेंड्यांनी तेवढा पट्टा खतवायचा, आणि दुसऱ्या दिवशी जाळी शेजारच्या पट्ट्यात. बदल्यात माझे आबा ज्वारी द्यायचे. रान संपलं की वाडा पुढच्या गावाला. पाचवीत तुझ्या वडिलांनी, तू त्यांना दादा म्हणायचीस आणि मी लक्ष्मणमामा, तुला गावात आत्याकडं ठेवलं आणि वाडा तुझ्याशिवाय पुढं गेला. गुरुजींनी हजेरीत तुझं नाव घेतलं, ‘ठकूबाई लक्ष्मण’, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी हसले होते.

मला सायकल होती. आमच्या विहिरीपासून शाळेपर्यंत मी सायकलवर, आणि तू कॅरियरला एक हात लावून शेजारून पळत. तुला मागं बस म्हणावं असं मला पाच वर्षांत एकदाही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचायचं. पण जमीनवाल्याच्या लेकीच्या सायकलवर मेंढक्याची लेक बसली तर आबा काय म्हणतील, हे मी मनाला सांगायचे. आबा काहीही म्हणाले नसते. नववीत गुरुजींनी वेग काढून आणायला सांगितला, तेव्हा आपण चाकाच्या आरीला लाल दोरा बांधला. मी सायकल चालवली आणि तू पळता पळता फेरे मोजलेस. ताशी पंधरा किलोमीटर. गुरुजी म्हणाले, ‘शाब्बास, हिशेब अगदी चोख.’ ते तुला म्हणाले.

दहावीत तू पहिली आणि मी दुसरी. आबांनी स्वतः पेढे वाटले, दोघींचे. पेढा देताना प्रत्येकाला म्हणायचे, ‘शिकावं तर लक्ष्मणच्या पोरीनं. आमच्या उजूला काय, चांगलं घर बघायचंय.’ त्यांच्या लेखी ते दोन्ही कौतुकच होतं. पुढं तू बीड, मग संभाजीनगर, मग मुंबई, मग परदेश. मी बी.एस्सी., मग लिंबागणेशचं चांगलं घर, मग पोटात लेकरू घेऊन एम.एस्सी.ची परीक्षा. तू पुढच्या पायरीवर गेलीस की तुझा फोन यायचा आणि मी ‘वा वा’ म्हणायचे. फोन ठेवला की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाही. एकदा चिडून तुला म्हणाले, ‘तुझं बरंय, तुला अडवायला कुणी नव्हतं.’ तू म्हणालीस, ‘उजे, मला पोचवायला बी कुणी नव्हतं गं.’ त्यावर मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. दूध नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तू आलीस. आमच्या अंगणात खाटेवर बसून तू यांना चंद्रावरचं यंत्र समजावून सांगितलंस ते मी कधी विसरणार नाही. एवढ्या वर्षांच्या परदेशानंतरही तुझी भाषा तसूभर बदलली नव्हती. कणांची टक्कर म्हणजे काय, हे सांगायला तू माझी पाटल्यांमधली एक बांगडी काढून घेतलीस.

‘हे बघा दाजी, हे कडं. ह्याच्यात एका अंगानं प्रोटॉन सोडायचे, दुसऱ्या अंगानं बी सोडायचे, आन उजेडाच्या वेगाच्या लगालगा पळवून एकमेकावर आदळायचे. मंग त्यातून काय काय उडतंय ते बघायचं. कडं जेवढं मोठं, तेवढी टक्कर जोराची.’

‘मग मोठं कडं करा की.’

‘कुठं करू? खाली गावं हायती, नद्या हायती, लोकांची शेतं हायती. म्हणून म्हणलं चंद्रावर करावं. पुऱ्या चंद्राला कडं घालावं, अकरा हजार किलोमीटरचं.’

यांनी पंचायत समितीच्या बैठकीत विचारतात तसा प्रश्न विचारला. ‘तिथली जमीन कुणाच्या नावावर हाय?’

‘कुणाच्याच न्हाई. तिथं सातबाराच न्हाई.’

‘म्हंजी मोजणी न्हाई, हरकत न्हाई, बांधावरून कोर्टकचेरी न्हाई. लई बेस काम हाय की हे!’

तुम्ही दोघं हसत होतात आणि मी आत चहा टाकत होते. माझ्या अंगणात, माझ्या नवऱ्याला, माझ्या बांगडीनं तू फिजिक्स शिकवत होतीस, आणि त्याला ते कळत होतं. वीस वर्षांत त्यानं मला कधी विचारलं नव्हतं की तू वर्गात काय शिकवतेस. मी चहाचे कप जरा आपटूनच ठेवले आणि तुझ्यावर एकेक शंका सोडायला लागले.

तिथली धूळ काचेच्या चुऱ्यासारखी, ती सांध्यासांध्यात जाईल. तू म्हणालीस, सगळं चरात पुरायचं. इथून लोखंड नेणं कुणाच्या बापाला परवडणार नाही. तू म्हणालीस, तिथल्याच मातीतून काढायचं, आधी पन्नास वर्षं कारखानेच बांधावे लागतील. तिथली पोकळी फुकट मिळते ती ठीक, फुकट ते पौष्टिक, पण वारं नाही, पाणी नाही, मग तापलेलं यंत्र निवणार कसं? तू म्हणालीस, काळ्या आभाळाकडं तोंड करून मोठाले पत्रे उभे करायचे, उष्णता तिकडं सोडून द्यायची. तुझ्याकडं सगळ्याला उत्तर होतं. मग मी हुकमाचा पत्ता टाकला.

‘आणि बिघडलं तर? अकरा हजार किलोमीटरमध्ये रोज कुठं ना कुठं काहीतरी बिघडणार. दर पन्नास किलोमीटरला वर्कशॉप बांधत बसणार आहेस का?’

तू बांगडी नुसतीच बोटाभोवती फिरवायला लागलीस. मला तेव्हा किती बरं वाटलं ते लिहायचीही लाज वाटते. पण ते सुख कप संपेपर्यंतही टिकलं नाही. तू एकदम उठून मला मिठीच मारलीस.

‘उजे, आमच्या दादाला कुठं वर्कशॉप हुतं? वाडा फिरायचा! दुरुस्तीच्या यंत्रांचा एक वाडाच करू. कड्याच्या कडंकडंनं फिरत ऱ्हाईल, जिथं बिघडलंय तिथं नीट करील आन पुढं जाईल. घर कशाला पायजे त्याला?’

शंका माझी होती आणि उत्तर तुझं झालं. तू जाताना बांगडी परत माझ्या हातात घातलीस आणि म्हणालीस, तुझ्यासारखं आडवं लावणारं माणूस मला तिकडं मिळत नाही. ते कौतुक होतं हे मला कळत होतं. पण घेववलं नाही.

वर्षभरानं तू कळवलंस की निबंध परत आला. तपासणाऱ्यांनी फिरत्या वाड्याचं कौतुक केलं, पण रात्रीवर बोट ठेवलं. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची, आणि गारठा असा की यंत्रं जागच्या जागी मरतील. तू त्यासाठी कड्याभोवती ठिकठिकाणी निवारे दाखवले होतेस, रात्र पडली की वाडा आत जाऊन बसेल असे. ते म्हणाले, म्हणजे वर्कशॉपच झाली की ही, एवढी बांधणार कोण? तुझी चूक काय होती ते मला पहिल्या वाचनात दिसलं नाही, पण ती तूच करू शकली असतीस. रात्र झाली की जाळी ठोकायची आणि मेंढरं आत घालायची, हे तुझ्या हाडात होतं. रात्र होऊच द्यायची नाही, हे मेंढक्याच्या लेकीच्या डोक्यात कुठून येणार?

मग या फेब्रुवारीत तुझा तो आवाजी निरोप. ‘उजे, वाडा रातचा कुठं बसवू गं? कायबी सुचंना झालंय. तूच काढ आता वाट.’

त्या दिवशी मला बारावीच्या परीक्षेवर पर्यवेक्षण होतं. तीन तास वर्गात फेऱ्या मारायच्या, फोन ऑफिसात जमा. खिडकीतून आलेलं ऊन सरकत होतं. दुसऱ्या बाकावरची मुलगी डोळ्यांवर हात धरून लिहीत होती, मी तिला जरा तिरपं बसायला सांगितलं. आणि एकदम मला लक्ष्मणमामा आठवले. सहावीतली सकाळ असेल. तू आत्याकडं शेणगोठ्यात अडकलेली आणि मी त्यांच्यामागं रानात. मी विचारलं, ‘मामा, चारा त्या अंगाला आहे, तुम्ही असे उलटे कुठं चाललात?’ ते म्हणाले, ‘उजाबाई, ऊन पाठीवर घ्यायचं. डोळ्यावर ऊन आलं की मेंढरू चरत न्हाई.’

सकाळी ऊन पाठीवर, म्हणजे तोंड मावळतीला. चंद्रावर सूर्य मावळतीकडंच सरकतो, पण फार सावकाश. वाडा त्याच्याबरोबर मावळतीकडं चालत राहिला तर? बैठकव्यवस्थेच्या तक्त्यामागं मी भागाकार केला. अकरा हजार किलोमीटर, साडेएकोणतीस दिवस. उत्तर आलं, ताशी पंधराच्या जरासं वर. तेवढ्या वेगानं चालणाऱ्या वाड्याला रात्र कधी गाठणारच नव्हती. दुपारचा जाळही नाही, रात्रीचा गारठाही नाही. त्याच्यासाठी कायम सकाळचे आठ वाजलेले असणार. मुलं खाली मान घालून लिहीत होती आणि मी खडूच्या पेटीपाशी उभी राहून तोच भागाकार परत करत होते.

घरी आले, फोन हातात घेतला आणि तुला लिहिलं, ‘बघते गं.’

एवढंच लिहिलं. बाकीचं बोटांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. मला वाटलं, हे सांगितलं की हेही तुझं होणार. परत मिठी मारशील, आभाराच्या यादीत शेवटी माझं नाव येईल, आणि मी बीडात पुन्हा बारावीच्या पोरांना आरशाचे नियम सांगत बसेन. एक वस्तू तरी काही दिवस माझ्या एकटीची असू दे. तुझ्याच वडिलांची गोष्ट तू विसरलीस आणि मला आठवत होती, या सुखावर मी नाचत होते. आठ दिवसांनी तू विचारलंस, ‘सुचलं का कायतरी?’ मी लिहिलं, ‘नाही गं, पेपर तपासतेय.’

त्यानंतर अकराव्या दिवशी तू कामाच्या जागी खाली पडलीस ती उठली नाहीस.

दहाव्याला मी नांदूरघाटला गेले. तुझी रक्षा अजून यायची होती, तरी माणसं जमली होती. मामा आता थकलेत, मेंढरं तुझा भाऊ बघतो. मला बघून ते उठायला लागले. मी त्यांना मामा म्हणते आणि ते मला या वयातही ‘तुमी’ म्हणतात, तुला सतत खटकायचं ते.

‘उजाबाई, पंधरा दिसामागं फोन आलता तिचा,’ मामा म्हणाले. ‘म्हणली, दादा, काम अडलंय, पर उजा वाट काढती. काय अडलंतं ओ?’

मी जमेल तसं सांगितलं. चंद्रावर फिरता वाडा आहे, रात्र चौदा दिवसांची, मेंढरं गारठून मरतील, आणि वाडा कुठं बसवायचा ते तिला कळेना. मामांनी जमिनीवर बोटानं एक गोल काढला.

‘चंद्र बी फिरतो व्हय, आपल्यागत?’

‘फिरतो, पण लई हळू.’

‘मंग बसवायचा कावून? ऊन पाठीवर घ्यायचं आन चालत ऱ्हायचं. रात मागं मागं ऱ्हाती.’ मग गोलावरचं बोट उचलून म्हणाले, ‘एवढं बी इसरली व्हय पोरगी? मला का इचारलं न्हाई?’

ठके, माझी ती एकटीची वस्तू त्यांनी एका दमात काढून जमिनीवर ठेवली. ती माझी कधी नव्हतीच. एक फोन करून तू त्यांना विचारलं असतंस तर तुझं प्रकरण त्याच दिवशी लिहून झालं असतं. पण तू त्यांना विचारलं नाहीस, मला विचारलंस.

मी म्हणाले, ‘मामा, मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतं, सहावीत. मी तिला सांगितलं नाही.’

‘कावून ओ?’

‘जळत होते मी तिच्यावर.’

मला वाटलं, आता उठा म्हणतील. ते म्हणाले, ‘ती बी जळायची की तुमच्यावर. ल्हानपनापासून. म्हणायची, उजाचं घर रोज जागंवर असतंय.’ मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि तुझ्या वहिनीला हाक मारली, ‘बाईला च्या आणा.’ चहा घेताना ते परत त्या गोलाकडं बघत होते. ‘येक ऱ्हायलं,’ म्हणाले. ‘येखादं काम खोळंबलं तर समद्या वाड्यानं थांबायचं न्हाई. लंगडं मेंढरू असलं की येक माणूस मागं ऱ्हातो आन मागून पळत येऊन गाठतो. ती सकाळ लांबडी हाय ना? गाठंल.’

तेही मला सुचलेलं नव्हतं.

काल दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून सातवं प्रकरण लिहिलं, दीड पान झालं. हे यंत्र आपल्या हयातीत होणार नाही, आपल्या नातवंडांच्याही नाही, आणि तपासणारे पुढं आणखी दहा शंका काढतील. काढू देत. नावं घातलीत ती अशी, आधी तुझं, मग मामांचं, मग माझं. शेवटचं नाव खोडून टाकायचा मोठेपणा माझ्यात नाही, दोनदा प्रयत्न करून पाहिला. त्या बाईला शब्दाचा अर्थही कळवला. लिहिलं, हो, तांत्रिक शब्द आहे, जिला उत्तर माहीत असतं आणि जी वेळेवर सांगत नाही तिला म्हणतात. तिचं उलट उत्तर अजून आलेलं नाही.

पाठवायच्या आधी तो आकडा एकदा परत तपासला. ताशी पंधरा. चंद्रावरची सकाळ ज्या वेगानं पुढं जाते तो वेग, ठके, आपण दोघींनी नववीतच काढला होता, विहिरीपासून शाळेपर्यंत, लाल दोऱ्याचे फेरे मोजत. मी सीटवर होते. तू कॅरियरला हात लावून पळत होतीस, अनवाणी, आणि मोजण्यात एकदाही चुकली नाहीस. वाटेत मी दोनदा मागं वळून पाहिलं होतं, तू किती मागं पडलीस ते बघायला.

तेव्हा म्हणाले नाही ते आता म्हणते. दमली असशील गं. मागं बस.